पोलीस ठाण्यातल्या शिपायाच्या हातात एके-४७ द्यावी का?

सायगावकर

२६/११चा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: "त्यांच्याकडे एके-४७ आणि आपल्या पोलिसांकडे .३०३ (ब्रिटिश काळातली जुनी रायफल)." त्याला जोडून दुसरं, की आता तरी प्रत्येक ठाण्याला लष्करासारख्या रायफली द्या. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० रोजी .३०३ला निरोप दिला, तेव्हाही हेच कानावर आलं. उलट बाजूने बोलणारे म्हणतात की हीच रायफल उद्या मोर्चावर रोखली जाईल.

मला तपशील हवा आहे. .३०३ खरंच इतकी कुचकामी होती का? एसटी स्टँडवर किंवा दादरच्या फुलबाजारात रायफलची गोळी सुटली तर ती कुठे जाऊन थांबते? ठाण्यात रायफली ठेवायच्या तर किती, कोणाच्या ताब्यात, आणि वर्षाला किती राउंड मारले म्हणजे माणूस तयार समजायचा? जाणकारांनी लिहावं. "आधी पोलिसांना घरं द्या" हा वेगळा धागा होईल, तो इथे नको.

चांदमारी

.३०३ कमजोर होती हा गैरसमज आधी काढून टाकू. तिची गोळी ११.३ ग्रॅमची, नळीतून सेकंदाला ७४० मीटरच्या आसपास वेगाने निघते. ऊर्जा ३,१०० ज्यूलच्या घरात. एके-४७ची गोळी ८ ग्रॅमची, वेग ७१५ मीटर, ऊर्जा २,००० ज्यूल. म्हणजे एकेका गोळीचा हिशेब मांडला तर म्हातारी .३०३ दीडपट भारी भरते. ९ मिमी पिस्तूल या दोघींपुढे ५०० ज्यूलवर अडकतं.

घोडं अडतं ते दुसऱ्या गोळीपाशी. .३०३चा बोल्ट (काडतूस आत ढकलणारा दांडा) प्रत्येक वेळी वर, मागे, पुढे, खाली फिरवायचा. त्यात गाल रायफलीच्या दस्त्यावरून उठतो आणि नेम सुटतो. मॅगझिन १० राउंडचं, ते भरायला ५-५ राउंडच्या दोन चार्जर क्लिपा लागतात. या काडतुसाच्या बुडाला कडा असते. वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेपुढे बसायला हवी. चुकून मागे बसली की बोल्ट पुढे ढकलताना दोन्ही काडतुसं एकमेकांत अडकतात आणि मॅगझिन रिकामं करण्यावाचून गत्यंतर नसतं. परेड ग्राउंडवर यात दोन मिनिटं जातात आणि उस्ताद ओरडतो, एवढंच. समोरचा मात्र तेवढ्या वेळात ३०-३० राउंडची दोन मॅगझिनं संपवून तिसरं लावतो. जुन्या काळच्या कसलेल्या सैनिकाला .३०३ने मिनिटाला १५ नेमके राउंड मारावे लागत, पण त्यामागे रोजचा सराव होता.

सीएसटीवर सगळ्यांच्या हाती .३०३ तरी कुठे होती? कित्येकांकडे नुसती लाठी. गिरगाव चौपाटीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या रायफलची नळी धरली तेव्हा त्यांच्याकडेही लाठीच होती. त्या नाक्यावर कामी आली ती नाकाबंदी आणि बिनतारीवरून वेळेत मिळालेली अतिरेक्यांच्या स्कोडा गाडीची खबर. राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांच्या समितीने नंतर शस्त्रांबरोबर दारूगोळा आणि सराव यांचीही वानवा दाखवली. गोळ्याच नाहीत म्हणून वर्षानुवर्षं चांदमारी, म्हणजे नेमबाजीचा सराव, होत नसेल, तर हातात .३०३ आहे की एके, याने फारसं बिघडत नाही.

नंतर २००९मध्ये फोर्स वन हे राज्य पोलिसांचं कमांडो पथक उभं राहिलं, एनएसजीचं केंद्र मुंबईत आलं. ते हवंच होतं. पण २००८मध्ये एनएसजी मानेसरहून पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता. आता केंद्र शहरातच असलं तरी पहिला अर्धा तास ठाण्याच्या माणसाचाच. माझं मत विचाराल तर रायफल हवी, ती या अर्ध्या तासासाठी. आणि मोजकीच.

फौजदारीवाला

वरच्या प्रतिसादातलं "मोजकीच" ठळक करून ठेवा, कारण कायद्याच्या बाजूने सगळा प्रश्न तिथेच आहे.

गोळी झाडण्याचे दोन प्रसंग कायद्यात अगदी वेगळे आहेत. जमाव पांगवणं हा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८चा (जुनं १२९) विषय. तिथे आधी पांगण्याचा हुकूम द्यायचा, मग लागेल तेवढंच बळ. बंदूकधारी माणूस लोकांवर गोळ्या झाडतोय, हा खासगी संरक्षणाचा विषय. त्यात भारतीय न्याय संहितेचं कलम ४४ (जुनं १०६) महत्त्वाचं: प्राणघातक हल्ल्यापासून बचाव करताना निरपराध माणसाला धोका पोहोचवल्याशिवाय तो अधिकार वापरताच येत नसेल, तर तो धोका पत्करण्यापर्यंत अधिकार पोहोचतो. याचा अर्थ वाट्टेल तशी फैर झाडायची मुभा असा नव्हे. नंतर प्रत्येक गोळीचा हिशेब द्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र या खटल्यात घालून दिलेल्या नियमांनुसार पोलिसांच्या गोळीबारात माणूस मेला तर ते शस्त्र तपासणीसाठी जमा करावं लागतं.

घोटाळा होतो तो असा. शस्त्र दुसऱ्या प्रसंगासाठी घेतलं जातं आणि दुसरं काही जवळ नाही म्हणून पहिल्या प्रसंगी, जमावावर, वापरलं जातं. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी राज्य राखीव दलाच्या गोळीबारात १० जण गेले. मावळात ९ ऑगस्ट २०११ला ३ शेतकरी. तमिळनाडूत थुथुकुडीला २२ आणि २३ मे २०१८ला १३. तिथला व्हॅनच्या टपावर रायफल घेऊन झोपलेला पोलीस सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिला. जमावात ३०० मीटरवर नेम धरून मारायचं शस्त्र लागतंच कशाला?

म्हणून ठाण्यात रायफल यायची असेल तर तिच्याबरोबर एक लेखी स्थायी आदेशही यायला हवा: मोर्चा, मिरवणूक, सभा, निवडणूक यांच्या बंदोबस्तात ही रायफल कोतातून (ठाण्याच्या शस्त्रखोलीतून) निघणार नाही. निघालीच तर कोणाच्या हुकमाने, ते स्टेशन डायरीत वेळेसह. हा आदेश नसेल तर माझं मत रायफलच्या विरोधात.

चांदमारी

स्थायी आदेशाशी शंभर टक्के सहमत.

गोळी कुठे थांबते ते मघाशी राहिलं. पत्रा, प्लायवूड, गाडीचं दार यांना आडोसा समजू नये, रायफलची गोळी त्यांना जुमानत नाही. चाळीतल्या किंवा नव्या इमारतीतल्या अर्ध्या विटेच्या पातळ भिंतीवरही भरवसा ठेवता येत नाही. लोकलच्या डब्याचा पत्रा तर काहीच नाही. गाडीत आडोसा धरायचाच तर इंजिन आणि चाकाची तबकडी, बाकी सगळी फक्त लपायची जागा. मोकळ्यावर चुकलेली गोळी दोन-तीन किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. "हवेत गोळीबार केला" असं बातमीत वाचतो तेव्हा ती गोळी कुठेतरी उतरलेली असते, हे कोणी लिहीत नाही.

लोकांना उलट वाटतं, पण इन्साससारख्या रायफलीची ५.५६ मिमीची हलकी आणि वेगवान गोळी आतल्या भिंतींत वाकडी होते, तुटते, आणि योग्य प्रकारची घेतली तर ९ मिमीपेक्षाही लवकर दम टाकते. एकेची पोलादी गाभ्याची गोळी तशी नाही, ती सरळ निघून जाते. म्हणून शहरी ठाण्याला "एके-४७च द्या" ही मागणी मला नावाच्या दबदब्यातून आलेली वाटते. पोलिसांनी फुटणारी, शरीरात थांबणारी गोळी वापरायला हवी. १८९९च्या हेग घोषणेतली बंदी युद्धाला लागू आहे, पोलिसी कामाला नाही. पण आपल्याकडे पुरवठा लष्करी धर्तीच्या गोळीचाच आहे. रायफल निवडताना दहा बैठका होतात, गोळी कोणती यावर एकही नाही.

पुण्याच्या एआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने बनवलेली ५.५६×३० मिमीची जेव्हीपीसी कार्बाईन शहरासाठी विचारात घेण्यासारखी आहे. लांबी कमी, धक्का कमी, गाडीतून उतरताना दारात अडकत नाही. गडचिरोलीत सी-६० या नक्षलविरोधी पथकाला जंगलात जे लागतं ते नाशिक रोडच्या स्टेशनात लागत नाही.

आर्मरर

सायगावकर, तुमच्या शेवटच्या प्रश्नावर लिहितो. किती राउंड, कोणाच्या ताब्यात.

रायफलची खरी किंमत तिच्या गोळ्यांत असते. माझ्या मते किमान हिशेब असा. एका माणसाला तिमाहीला ४० राउंड, म्हणजे वर्षाला १६०. ठाण्यात १२ माणसं तयार ठेवायची तर १,९२०. शिवाय प्रत्येक रायफल ठरलेल्या माणसाच्या नेमाला मिळवून घ्यायला (गोळी नेम धरलेल्या जागीच लागेल अशी दुर्बीण-माशी जुळवायला) वर्षातून दोनदा १५-२० राउंड. दोन हजारांच्या वर गेलात. वरणगाव आणि खडकीच्या कारखान्यांत हा माल बनतो, पण मागणी वेळेत लावली नाही तर शेजारी असूनही मिळत नाही. वर्षातून एकदा १० राउंड मारून "सराव झाला" अशी नोंद टाकणार असाल तर रायफल घेऊच नका, लाठी बरी.

१६०पैकी निम्मे तरी २५ मीटरच्या आत, उभ्याने, चालताना, आडोशामागून, आणि गोळी झाडायची नाही अशी लक्ष्यं मध्ये ठेवून. आपल्या चांदमारीत अजून पोटावर झोपून नेम धरण्यावर भर असतो. स्टेशनच्या पुलावर झोपायला कोण देतंय?

आता घात कुठे होतो ते. बहुतेक अपघाती गोळ्या ड्युटी बदलताना सुटतात. कारण एकच, क्रम उलटा होतो. आधी मॅगझिन काढायचं, मग कॉकिंग हँडल ओढून चेंबरमधला (नळीच्या मागच्या कप्प्यातला) राउंड बाहेर टाकायचा, मग डोळ्याने आणि बोटाने चेंबर रिकामं असल्याचं बघायचं, आणि शेवटी नळी वाळूच्या पिंपात धरून ट्रिगर दाबायचा. दमलेला माणूस आधी हँडल ओढतो, नंतर मॅगझिन काढतो. पहिला राउंड बाहेर पडतो, पण हँडल सोडताच मॅगझिनमधला दुसरा आत जाऊन बसतो. हातात मॅगझिन दिसतंय म्हणून त्याला वाटतं रिकामी आहे. ट्रिगर दाबतो आणि छताला भोक. म्हणून वाळूचं पिंप कोताच्या दाराबाहेर हवंच, आणि क्रम दोघांनी मिळून मोठ्याने म्हणत करायचा.

दुसरी गोष्ट एकेच्या सेफ्टीच्या खटक्याची. उजव्या बाजूचा पत्र्याचा खटका सर्वांत वर असला की सेफ, मधे ऑटो, खाली सिंगल. हळू दाबला तर पहिला थांबा ऑटोवर. ज्याने इन्सास या भारतीय बनावटीच्या रायफलीवर सिंगल आणि तीन राउंडच्या बर्स्टचा सराव केलाय तो घाईत एके उचलतो, खटका एक टप्पा खाली ओढतो आणि गर्दीत ऑटो सुटतो. पोलिसांसाठी घेतलेल्या रायफलीत ऑटो बंदच करून घ्यावा, आर्मरर ते करू शकतो. आणि एका ठाण्यात एकाच जातीची रायफल ठेवा. दोन एके, दोन इन्सास, एक एसएलआर अशी खिचडी केली की मॅगझिनपासून राउंडपर्यंत सगळंच वेगळं.

तिसरं, रोज भरायच्या आणि रिकाम्या करायच्या रायफलीत वरचा राउंड तोच तोच चेंबरमध्ये जातो. एके काय, इन्सास काय, दोन्हींची फायरिंग पिन मोकळी असते, त्यामुळे प्रत्येक वेळी काडतुसाच्या बुडातल्या कॅपवर बारीक टिचकी बसते. बऱ्याच वेळा तसं झालं की गोळी काडतुसाच्या पितळी नळकांड्यात आत सरकते किंवा कॅप दगा देते. महिन्याला वरचे दोन राउंड बाजूला काढा आणि सरावात उडवून टाका.

पावसाळ्यात कोकणात गॅसचा मार्ग आणि चेंबर आठवड्याला उघडून पाहावंच लागतं. पुल-थ्रूला (नळीतून ओढायच्या दोरीला) चिंधी बांधून नळी कोरडी, नंतर तेलाचा हलका हात. तेल थबथबलेलं नको, धूळ धरते.

सायगावकर

मोठा प्रतिसाद, आभार. दोन उपप्रश्न. एक, ग्रामीण ठाण्यात चार माणसं रात्रीला असतात. तिथे अशा रायफली ठेवणं म्हणजे लुटारूंना आमंत्रण नाही का? दोन, अमेरिकेत गस्तीच्या गाडीत रायफल असतेच म्हणतात, तिथला अनुभव काय?

सॅन_होजेकर

दुसऱ्याचं उत्तर देतो. अमेरिकेत वळण आलं २८ फेब्रुवारी १९९७च्या नॉर्थ हॉलीवूडच्या बँक दरोड्याने. दोघे दरोडेखोर, अंगभर चिलखत, स्वयंचलित रायफली. लॉस एंजेलिसच्या पोलिसांकडे ९ मिमी पिस्तुलं, .३८ रिव्हॉल्व्हर आणि शॉटगन. गोळ्या लागत होत्या पण चिलखतात थांबत होत्या. चकमक ४४ मिनिटं चालली, मधेच पोलिसांनी जवळच्या बंदुकीच्या दुकानातून रायफली आणल्या. नंतर संरक्षण खात्याने त्या पोलीस दलाला ६०० जुन्या एम-१६ लष्करी रायफली दिल्या. लष्कराची जादा सामग्री पोलिसांना देणाऱ्या १०३३ योजनेखाली मिळालेली रायफल कागदोपत्री लष्कराचीच राहते आणि दरवर्षी तिची मोजदाद द्यावी लागते. २०१४मध्ये फर्ग्युसनला निदर्शकांसमोर हीच सामग्री दिसली, तेव्हा ओबामांनी योजनेतल्या काही वस्तूंवर निर्बंध आणले. ट्रम्प यांनी २०१७मध्ये ते उठवले.

गाडीत रायफल दोन सीटांमध्ये कुलपाच्या कड्यात उभी असते, कुलूप लपवलेल्या बटणाने काही सेकंदांसाठी उघडतं. चेंबर रिकामं, हॅमर खाली, भरलेलं मॅगझिन लावलेलं. उतरताना हँडल ओढलं की तयार.

पण युवाल्डी विसरू नका. २४ मे २०२२, टेक्सासमधली शाळा. एकूण ३७६ पोलीस जमले, सुरुवातीलाच आत गेलेल्यांकडेही रायफली होत्या, तरी वर्गात शिरायला ७७ मिनिटं लागली. १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. नेतृत्व कोणाकडे हेच ठरलं नव्हतं. रायफल नव्हती ही सबब तिथे चालत नाही.

फौजदारीवाला

पहिल्या प्रश्नावर: भीती खरी आहे. ओडिशात नयागढला फेब्रुवारी २००८मध्ये माओवाद्यांनी एका रात्रीत पोलिसांची हजाराहून अधिक शस्त्रं पळवली. मणिपुरात मे २०२३पासून जमावांनी शस्त्रागारांतून हजारो शस्त्रं नेली आणि ती परत मिळवायला सरकारला मुदतीमागून मुदती द्याव्या लागल्या. आतल्या माणसाचाही धोका असतो. ३१ जुलै २०२३ला जयपूर-मुंबई गाडीत एस्कॉर्टवरच्या रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाने सरकारी स्वयंचलित रायफलने ४ जणांना मारल्याचा आरोप आहे, त्यात त्याचा वरिष्ठही होता. रायफल कोणाच्या हाती द्यायची नाही, ही यादी डॉक्टर आणि प्रभारी अधिकारी मिळून दर सहा महिन्यांनी करतील का? नेमबाजीचे गुण सगळे बघतात, माणूस तीन रात्री झोपलेला नाही हे कोणी बघत नाही.

आर्मरर

ग्रामीण ठाण्यात ठेवूच नका. उपविभागाला एक गाडी करा, चोवीस तास चार माणसं, चार रायफली, प्रत्येकी चार मॅगझिनं. मॅगझिनं ३०ची असली तरी २८ भरा, स्प्रिंगवर ताण कमी पडतो आणि मॅगझिन बंद बोल्टखाली नीट बसतं. ही गाडी ठाण्यांच्या मधल्या रस्त्यावर फिरती ठेवायची. शहरात मोठ्या ठाण्याला दोन, त्याही बीटवर नकोत, मोबाईल व्हॅनमध्ये कुलपात. किल्ली ठाणे अंमलदाराच्या गळ्यात असेल आणि व्हॅन तीन किलोमीटरवर, तर त्या रायफलीचा उपयोग शून्य. किल्ली गाडीबरोबरच हवी.

ज्याला रायफल दिली त्याला गळ्यातला पट्टा सक्तीचा. जखमीला ओढायचं, दार उघडायचं, बिनतारीवर बोलायचं, या सगळ्याला हात मोकळा लागतो, आणि हिसकावायला आलेल्याला ती सहज मिळत नाही.

सायगावकर

आणि जॅकेट? रायफल देऊन जॅकेट तेच जुनं असेल तर?

चांदमारी

नुसत्या कापडी थरांचं मऊ जॅकेट पिस्तुलाची गोळी अडवतं, रायफलची नाही. रायफलसाठी छाती-पाठीला कडक प्लेट लागते. खरेदीत आयएस १७०५१:२०१८ हे मानक आणि त्यातली कोणती पातळी हे दोन्ही लिहून घ्या, नुसतं "बुलेटप्रूफ" लिहिलेलं चालवून घेऊ नका. सिरॅमिक प्लेट जमिनीवर आपटली तर आत तडा जाऊ शकतो आणि तो बाहेरून दिसत नाही. कोतात जॅकेटं एकावर एक रचलेली असतात आणि वरचं ओढलं की खालचं फरशीवर पडतं. त्यांना हँगर लावा.

एक शेवटचं, कारण सरावात हे कोणी सांगत नाही. रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारं नेमाचं साधन) लावलेल्या रायफलीत काच नळीच्या साधारण साडेसहा सेंटिमीटर वर असते. ५० मीटरला मिळवलेली रायफल तीन-चार मीटरवर ठिपक्याच्या जवळजवळ तेवढीच खाली मारते. ओलिसाच्या खांद्यामागून डोकं काढलेल्या माणसावर ठिपका कपाळावर ठेवला तर गोळी नाकापर्यंत खाली जाते, आणि तिथे ओलिसाचा कान असतो. तेव्हा २५ मीटरच्या सरावाआधी पाच राउंड तीन मीटरवरून कागदावर मारून प्रत्येकाला ते अंतर डोळ्याने बघू द्या.